चार महिने चालणारा ड्राफ्ट

मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचला आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो १९९३ मध्ये बाजारात आणला. तेव्हापासून तो खेळण्याचे अनेक प्रकार रुळले आहेत. त्यांतला मला सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे ड्राफ्ट. यात घरून कोणी तयार डेक, म्हणजे खेळायचा स्वतःचा पत्त्यांचा गठ्ठा, आणत नाही. आठ जण टेबलाभोवती बसतात आणि रूढ पद्धतीप्रमाणे प्रत्येक जण १५ पत्त्यांचे एक पाकीट उघडतो. त्यातला एक पत्ता स्वतःकडे ठेवून उरलेले डावीकडच्या भिडूकडे सरकवायचे, उजवीकडून आलेल्या गठ्ठ्यातून पुन्हा एक उचलायचा, आणि पत्ते संपेपर्यंत असेच चालू ठेवायचे. दुसरे पाकीट उजवीकडे फिरते, तिसरे पुन्हा डावीकडे. शेवटी प्रत्येकाच्या हाती ४५ पत्ते येतात. त्यांतले साधारण २३ निवडून आणि १७ लँड, म्हणजे बाकीचे पत्ते खेळण्यासाठी लागणारी शक्ती पुरवणारे जमिनीचे पत्ते, घालून ४० पत्त्यांचा डेक बांधायचा आणि खेळायला बसायचे.

हे सगळे एका संध्याकाळी उरकते, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. तासभर विचार करून निवडलेला, अर्धा तास खपून बांधलेला डेक तीन सामने खेळतो आणि रात्री मोडला जातो. कोणता पत्ता कोणत्या पत्त्याबरोबर खुलतो, कोणत्या चालीला घाई करायची आणि कुठे थांबायचे, हे कळू लागते तोवर पत्ते पुन्हा डब्यात गेलेले असतात. शिवाय नोकरी, मुले, आईवडिलांची आजारपणे सांभाळणाऱ्या आठ माणसांना एकाच संध्याकाळी पुण्याच्या एका टोकाला गोळा करणे किती अवघड असते, हे असा गट चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून एकदाच ड्राफ्ट करायचा आणि त्यावर चार महिने खेळायचे, आठही जणांनी फक्त आरंभी एकत्र यायचे आणि नंतर दोघा-दोघांनी सवडीने भेटायचे, असा प्रकार आम्ही बसवला. त्याचे नियम आता बऱ्यापैकी स्थिरावले आहेत. ते कोणत्या विचाराने ठरले, हे इथे सविस्तर लिहिते आहे.

माझ्या मते अशा प्रकाराची कसोटी एकच आहे. पहिले दोन सामने हरलेल्या माणसाला दुसऱ्या महिन्यात आपला डेक कपाटातून बाहेर काढावासा वाटतो का? एका संध्याकाळच्या खेळात हरणाऱ्याला फार तर दोन तास काढायचे असतात. चार महिन्यांच्या हंगामात मात्र त्याचा उत्साह ओसरला की त्याच्याशी खेळायचे बाकी असलेल्या प्रत्येकाचा सामना अडकतो, आणि बघता बघता हंगामच विरून जातो. प्रत्येक नियम मी याच कसोटीवर घासून पाहिला आहे.

दीर्घकाळ चालणाऱ्या लीगची एक रूढ पद्धत आहे. प्रत्येकाने सहा पाकिटे उघडून सुरुवात करायची आणि दर आठवड्याला, किंवा प्रत्येक पराभवानंतर, एक नवे पाकीट साठ्यात मिळवायचे. ही पद्धत सोपी आहे आणि हरणाऱ्याला तिच्यात काहीतरी मिळतेही, पण ती मला पटली नाही. साठा वाढत गेला की प्रत्येकाचे सर्वोत्तम २३ पत्ते सुधारत जातात आणि डेकमधल्या उणिवा बुजत जातात. ड्राफ्टची खरी गंमत उणिवांत असते. बाविसावा आणि तेविसावा पत्ता हे जेमतेम पत्ते असतात, आणि तिथे कोणाला बसवायचे यावर आपण सर्वांत जास्त वेळ घालवतो. ज्या डेकमध्ये सगळेच पत्ते उत्तम आहेत, त्याच्या मालकाला निर्णय घ्यायला फारसे उरत नाही. दुसरी अडचण खर्चाची. पाकिटे आपल्याकडे आयात होऊन येतात आणि दर आठवड्याला आठ पाकिटे फोडणे आमच्या गटाला झेपणारे नव्हते.

म्हणून साठा ४५ वरच बांधून ठेवायचा आणि त्यातले पत्ते बदलत राहायचे, हे पहिले सूत्र ठरले. त्यासाठी आम्ही क्यूब वापरतो. क्यूब म्हणजे आपणच निवडून जमवलेला पत्त्यांचा संच, ज्यात प्रत्येक पत्ता एकदाच येतो. आमच्या क्यूबमध्ये ५४० पत्ते आहेत आणि ते सगळे कॉमन दर्जाचे आहेत, म्हणजे पाकिटात सर्वांत सहज सापडणारे. ड्राफ्टला आठ गुणिले ४५, म्हणजे ३६० पत्ते लागतात. उरलेले १८० राखीव राहतात, आणि पुढे चार महिने हंगाम जिवंत ठेवण्याचे काम तेच करतात.

केवळ कॉमन पत्ते घेण्यामागे स्वस्ताईपेक्षा मोठे कारण समतोलाचे आहे. एका संध्याकाळी कोणाच्या हाती एखादा भयंकर पत्ता लागला तर बाकीचे एकदा चडफडतात आणि विसरतात. हंगामात तोच पत्ता सात जणांना आळीपाळीने सोसावा लागतो. कॉमन पत्त्यांतही असे काही असतातच. पेस्टिलन्स हा जुना काळा पत्ता (मॅजिकमध्ये पत्ते आणि शक्ती रंगांत विभागलेली असते) त्यांतलाच एक. तो टेबलावर असला की त्याचा मालक एकेक काळी शक्ती खर्चून मैदानातल्या प्रत्येक प्राण्याला आणि दोन्ही खेळाडूंना एकेक इजा करत राहतो, आणि समोरच्याने लहान प्राण्यांचा डेक बांधला असेल तर त्याला करण्यासारखे काही उरतच नाही. एरवीच्या क्यूबमध्ये तो मला आवडतो. चार महिन्यांच्या क्यूबमध्ये मी त्याला जागा दिली नाही.

आता हंगामाची आखणी. आठ जणांनी प्रत्येकाशी एकदा खेळायचे म्हटले की एकूण २८ सामने होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सात येतात. आम्ही जून ते सप्टेंबर हे महिने धरले. पहिल्या तीन महिन्यांत दोन-दोन सामने आणि सप्टेंबरात एक, कारण गणपतीच्या दिवसांत कोणाकडूनच वेळेची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नसतो. कोणाशी कधी खेळायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि या मोकळिकीतूनच पुढे सर्वांत रंगतदार गोष्ट निघाली. सामना तीन डावांचा असतो, दोन जिंकणारा विजयी. शेवटी अंतिम सामना ठेवलेला नाही. प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळलेला असताना निकाल पुन्हा दोघांच्या एका बैठकीवर सोपवावा आणि बाकीच्या सहा जणांना प्रेक्षक करावे, हे मला योग्य वाटत नाही.

जून, जुलै आणि ऑगस्ट संपताना अदलाबदलीची फेरी होते. राखीव १८० पत्त्यांतले २४ पत्ते सगळ्यांना दिसतील असे मांडले जातात. आपली पाळी आली की मांडणीतला एक पत्ता उचलायचा आणि आपल्या ४५ मधला एक तिथे ठेवायचा, किंवा नको असेल तर पाळी सोडायची. प्रत्येकाला अशा तीन पाळ्या मिळतात. टाकलेला पत्ता मांडणीतच राहत असल्याने पुढचा भिडू तो उचलू शकतो. त्यामुळे दर फेरीत खरी चर्चा नव्या पत्त्यांइतकीच कोणी काय सोडले यावर होते. फेरी संपली की मांडणीत उरलेले २४ पत्ते हंगामापुरते बाजूला जातात. तीन फेऱ्यांत ७२ राखीव पत्ते उघडे होतात आणि १०८ पत्ते कोणाच्याही नजरेस न पडता राहतात, म्हणजे क्यूबमधल्या कोणत्या पत्त्याची वाट पाहावी आणि कोणत्याची पाहू नये याची खात्री कोणालाच नसते.

पाळ्यांचा क्रम ठरवणे हा या साऱ्यातला सर्वांत नाजूक भाग होता. तळाच्या खेळाडूला आधी संधी द्यावी हे उघड आहे, परंतु त्यात दोन खाचखळगे आहेत. पहिला मुद्दाम हरण्याचा. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये नवे खेळाडू निवडताना दुबळ्या संघांना झुकते माप मिळते. केवळ हरून पहिला क्रमांक पदरात पाडून घेता येऊ नये म्हणून तिथे १९८५ पासून सोडत काढली जाते. दुसरा खळगा आमच्यासारख्या हौशी गटात अधिक धोक्याचा आहे. ज्याने सामनेच खेळले नाहीत त्याचे गुण सर्वांत कमी असतात. गुणांच्या उलट क्रमाने पाळ्या दिल्या, तर न येणाऱ्याला बक्षीस आणि येऊन हरणाऱ्याला दुसरी जागा, असा उफराटा न्याय होतो.

यावर आम्ही काढलेला तोडगा असा. क्रम गुणांवरून लागत नाही, पराभवांवरून लागतो. ज्याचे खेळून झालेले पराभव जास्त, त्याची पाळी आधी, आणि बरोबरी असेल तर फासा टाकायचा. न खेळलेला सामना हा पराभव नाही, त्यामुळे घरी बसलेल्याला त्याचा काही लाभ होत नाही. गुणांचा हिशेबही याला धरूनच आहे. विजयाला तीन गुण, पराभवाला एक, आणि न झालेल्या सामन्याला दोघांनाही शून्य. एखाद्याने गटावर दोन तारखा सुचवूनही समोरच्याने महिनाभर वेळ दिली नाही, तर सुचवणाऱ्याला एक गुण मिळतो. तीन पाळ्यांचा क्रमही सरळ नसून नागमोडी आहे. पहिल्या पाळीत सर्वाधिक पराभव असलेला पहिला आणि आघाडीवरचा आठवा, दुसऱ्या पाळीत आघाडीवरचा नववा आणि तळाचा सोळावा, तिसऱ्यात पुन्हा तळाचा सतरावा आणि आघाडीवरचा चोविसावा. तळाच्याला मांडणीतला सर्वांत हवासा पत्ता नक्की मिळतो, पण त्यासाठी विजयाचे दोन जादा गुण सोडून द्यावेत इतका तो मोलाचा नसतो. सगळे पत्ते कॉमन असल्याचा इथेही उपयोग होतो.

मोकळ्या वेळापत्रकाने आणि या मांडणीने मिळून काय घडते, याचे एक उदाहरण तपशिलाने सांगण्यासारखे आहे. आमच्यातल्या एका मैत्रिणीने पांढऱ्या रंगाचा डेक बांधला होता आणि त्याचा कणा बॅटल स्क्रीच हा पत्ता होता. चार शक्ती खर्चून हा पत्ता खेळला की एक-एक ताकदीचे, म्हणजे एकाच इजेने मरणारे, दोन उडणारे पक्षी मिळतात, आणि आपले तीन पांढरे प्राणी वापरल्याची खूण म्हणून आडवे केले की तोच पत्ता टाकाऊ पत्त्यांच्या गठ्ठ्यातून पुन्हा खेळता येतो. म्हणजे मैदानात आधीचा एखादा पांढरा प्राणी असेल तर एकाच पाळीत चार पक्षी. जूनमधले दोन्ही सामने तिने याच पक्ष्यांवर मारले. महिनाअखेरीच्या मांडणीत इलेक्ट्रिकरी हा लाल पत्ता निघाला. एक शक्ती दिली तर तो समोरच्याच्या एका प्राण्याला एक इजा करतो. तीन शक्ती दिल्या तर तो आपला नसलेल्या प्रत्येक प्राण्याला एक इजा करतो. एका संध्याकाळच्या ड्राफ्टमध्ये हा पत्ता सहसा शेवटी कोणाच्या तरी गळ्यात पडतो, कारण समोर काय येणार हे माहीत नसते. इथे प्रत्येकाच्या ४५ पत्त्यांचा फोटो गटावर असल्याने सगळ्यांना सगळे माहीत होते. दोन्ही सामने हरलेल्या लाल रंगाच्या भिडूने पहिल्याच पाळीला तो उचलला आणि त्याच रात्री त्या मैत्रिणीला सामन्याची वेळ विचारली.

तिने वेळ दिली, पण चार दिवसांनंतरची. त्या चार दिवसांत तिने आपला डेक नव्याने बांधला. बॅटल स्क्रीच आणि एकच इजा सोसू शकणारे बाकीचे प्राणी बाजूला ठेवले, आणि एरवी बाकावर बसणारे मोठे, संथ प्राणी आत घेतले. इलेक्ट्रिकरी समोरच्याच्या हातात निरुपयोगी होऊन पडला आणि तिने सामना जिंकला. पुढचा भाग मला याहून महत्त्वाचा वाटतो. पक्ष्यांचा सामना होऊन गेलेला होता आणि त्याच्या उरलेल्या प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणाकडेच एवढे लहान प्राणी नव्हते, म्हणून जुलैच्या फेरीत त्या लाल भिडूने इलेक्ट्रिकरी मांडणीत परत ठेवला. तो लगेच दुसऱ्या एका लाल डेकवाल्याने उचलला, कारण त्याचे पक्ष्यांशीही खेळायचे बाकी होते आणि लॅनोवार एल्व्ह्ससारख्या एक-एक ताकदीच्या प्राण्यांवर उभ्या असलेल्या हिरव्या डेकशीही. तोच पत्ता एकासाठी संपला होता आणि दुसऱ्यासाठी नेमका सुरू होत होता.

आम्ही नियम लिहिले तेव्हा हा परिणाम डोळ्यांसमोर ठेवला होता असे म्हणता येणार नाही. तो दिसल्यावर मात्र मी त्याला या प्रकाराचे हृदय मानते. प्रत्येकाचे उरलेले प्रतिस्पर्धी वेगळे असतात, म्हणून प्रत्येक पत्त्याचे मोल प्रत्येकासाठी वेगळे होते आणि महिन्यागणिक बदलते. हरलेल्या माणसाला नुसती सहानुभूतीची सवलत मिळत नाही. पुढच्या सामन्यासाठी विचार करायला त्याच्याजवळ खरा ऐवज असतो, आणि त्याला डेक कपाटातून काढावासा वाटतो तो यामुळे. नेहमीच्या ड्राफ्टमधले अज्ञात इथे हरवते, हे खरे आहे. समोरच्याच्या डेकमध्ये काय आहे हे माहीत नसताना हल्ला करावा की थांबावे, याची धाकधूक मलाही आवडते. पण त्या बदल्यात सामन्याच्या आधीच्या तयारीचे, एकमेकांना ओळखून खेळण्याचे सुख मिळते, आणि वर्षानुवर्षे एकत्र असलेल्या गटाला ते अधिक शोभते असे माझे मत आहे.

थेट सौद्यांना आम्ही परवानगी देत नाही. माझा एक पत्ता घे आणि तुझा एक दे, असे दोघांत ठरवण्याची मुभा असावी अशी मागणी गटात अधूनमधून होते. तिच्यामागची हौस मला समजते, पण दोघांचे सौदे झाले की तिसऱ्याला आपण वगळले गेलो असे वाटते, आणि शर्यतीतून बाद झालेला माणूस आपले चांगले पत्ते मित्राच्या झोळीत टाकू शकतो. मांडणी सगळ्यांसमोर असते, तिथे टाकलेल्या पत्त्यावर पुढच्या भिडूचा हक्क आधी लागतो, आणि त्यामुळे कोणाला काही बोलायला जागा राहत नाही. मॅजिकच्या पहिल्या नियमांत पैजेची एक तरतूद होती. दोघांच्या डेकमधला एकेक पत्ता आधी बाजूला काढायचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही कायमचे घरी न्यायचे. ती पद्धत पुढे मागे पडली. आमच्या मांडणीत पत्त्यांचा ओघ तिच्या उलट दिशेने वाहतो.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी लहान वाटतात, पण त्या आधी ठरवल्या नाहीत तर भांडणे होतात. पत्ते आठ घरांत चार महिने राहतात, म्हणून ५४० पत्ते आणि सगळ्यांचे मिळून १३६ लँड एकाच बनावटीच्या, एकाच रंगाच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे पत्त्यावर चढवायच्या प्लास्टिकच्या पिशवीत, हवेत. एखाद्याच्या स्लीव्ह झिजून वेगळ्या दिसू लागल्या तर पाठमोरा पत्ता ओळखता येतो, तेव्हा जादा स्लीव्हचा एक गठ्ठा क्यूबबरोबरच ठेवावा. ड्राफ्ट संपताच प्रत्येकाने आपले ४५ पत्ते पसरून फोटो गटावर टाकायचा, आणि अदलाबदलीनंतर पुन्हा. अदलाबदलीची फेरी गटावर संदेश पाठवत करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. २४ पाळ्या असतात, आणि प्रत्येकाने उत्तराला अर्धा दिवस घेतला तरी १२ दिवस जातात. आम्ही एका संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ती उरकतो. जो येऊ शकत नाही तो आपल्या पसंतीची यादी, आणि कोणते पत्ते कोणत्या क्रमाने टाकायचे हे, आधी लिहून देतो.

हंगाम संपला की सगळे पत्ते क्यूबमध्ये परत येतात. आयपीएलच्या संघांसारखे काही पत्ते पुढच्या हंगामासाठी राखून ठेवता यावेत, अशी सूचना आली तेव्हा मी बराच काळ विरोधात होते, कारण पहिल्या ड्राफ्टमधल्या नशिबाची शेपटी वर्षानुवर्षे लांबू नये. शेवटी एक पत्ता राखण्यावर एकमत झाले. प्रत्येकाने एकच पत्ता राखायचा आणि पुढच्या ड्राफ्टनंतर आपल्या ४६ मधला एक राखीव गठ्ठ्यात टाकून पुन्हा ४५ वर यायचे. सलग दोनदा तोच पत्ता राखता येत नाही. कोणी काय राखले हे ड्राफ्टच्या आधीच सगळ्यांना ठाऊक असल्याने शेजारी तुमच्या रंगापासून दूर राहायचे की तुमची वाट अडवायची हे ठरवूनच बसतो, त्यामुळे राखलेला पत्ता फुकटात पडत नाही. विजेत्याला क्यूबमधला कोणताही एक पत्ता कायमचा काढून टाकण्याचा मान मिळतो, आणि त्या जागी कोणता पत्ता आणायचा हे शेवटच्या क्रमांकाचा खेळाडू ठरवतो.

सहा जणांच्या गटाला हेच नियम जवळपास जसेच्या तसे चालतील. ड्राफ्टला २७० पत्ते लागतील, सामने १५ होतील, प्रत्येकाला पाच, आणि मांडणी १८ पत्त्यांची करावी. चौघांचा गट असेल तर प्रत्येकाशी दोनदा खेळून १२ सामने करावे लागतील आणि मांडणी १२ पत्त्यांवर आणावी लागेल. मात्र तिथे एक बदल मी सुचवेन. दोनदा भेटायचे असल्यामुळे एखादा प्रतिस्पर्धी होऊन गेला असे लवकर म्हणता येत नाही आणि पत्ते परत टाकायला कोणी धजत नाही. म्हणून पहिल्या भेटींचे सहाही सामने हंगामाच्या पूर्वार्धात संपवावेत आणि दुसऱ्या भेटी कोणत्या क्रमाने घ्यायच्या याची मोकळीक उत्तरार्धातच द्यावी.